दुधाच्या टेम्पोत चार रात्री

आमच्या गाडीला आधी वास होता, नाव नंतर आलं.
सोळा वर्षं राधानगरी रस्त्यानं पहाटेचं दूध गोळा करून
हा टेम्पो उद्यमनगरात, दस्तगीर मिस्त्रींच्या दारात
म्हातारी म्हैस बसते तसा बसला होता.
ह्यांनी तो घेतला.
मला विचारलं. घेतल्यावर.

मग दोन महिने रविवार म्हणजे वेल्डिंग.
पत्रा कापून खिडकी, खिडकीला माझ्या साडीचा पडदा,
कॅन उभे असायचे तिथं फळी, फळीवर गादी,
गादीखाली शेगडी, पीठ, बरणीभर कांदा-लसूण चटणी.
कोकणात काय मिळतंय काय नाही!
शेजारच्या निंबाळकरीणबाई गॅलरीतून म्हणाल्या,
"लॉज परवडत न्हाई व्हय?"

"कॅराव्हॅन म्हणतात ह्याला," हे म्हणाले.
गार्गीनं वर्गात सांगितलं, कारवान.
तीन वर्षांचा यशोधन म्हणाला, गारवान.
तेच टिकलं,
आत भट्टीसारखं तापत असूनही.

फुलेवाडी नाक्यावर क्लच गेला.
घरापासून चार किलोमीटर!
घर जवळ होतं, पण गॅलरी त्याहून जवळ होती.
"जायचं न्हाई माघारी," मीच म्हणाले,
आणि ढकलत ढकलत, पोरांची "हय्या" ऐकत
पहिला मुक्काम केला रंकाळ्याच्या कडेला.
रात्रभर भेळवाल्याचा दिवा पडद्यातून आत येत होता.
सकाळी यशोधननं मागचं दार ढकललं आणि किंचाळला,
"समुद्र!"
"येड्या, रंकाळा हाय हा," गार्गी.
"मग समुद्र कुठाय?"
"त्याच्या पुढं."
क्लचप्लेट घेऊन मिस्त्री दहाला आले.

करूळ घाटात पहिला गिअर, दुसरा गिअर, पहिला.
लहानग्यानं दोनदा ओकलं, मोठीनं एकदा,
आणि वैभववाडीच्या अलीकडेच
उकाड्यानं पत्र्यातलं सोळा वर्षांचं दूध जागं झालं.
आंबट, कोमट, जुनं.
मिठबावला सुरूच्या बनात गाडी लावली
तर अर्ध्या तासात सात मांजरं.
बसली चाकाला टेकून, हिशेबाला आल्यासारखी.

मी वाट बघत होते, पोरं समुद्र बघून काय म्हणतील.
गार्गी काहीच बोलली नाही. चप्पल काढून हातात घेतली,
देवळात शिरताना घेते तशी.
यशोधन बराच वेळ डोळे बारीक करून पलीकडं शोधत राहिला.
मग माझा पदर ओढला :
"आई, ह्याचा राजवाडा कुठं गेला?"

तिसऱ्या रात्री आम्ही भांडलो.
पाण्याच्या कॅनवरून, म्हणजे कशावरूनही.
हळू आवाजात, कारण पोरं हातभर अंतरावर,
आणि टेम्पोत दार आपटून जायला दुसरी खोली नसते.
मग दोघंही मागच्या फळकुटावर पाय सोडून बसलो.
नऊ वर्षांत ह्यांचे हात मी पहिल्यांदा रिकामे बघितले.
पान्हा नाही, फडकं नाही, मोबाईलची रेंज नाही.
काय करावं ते त्या हातांना कळेना.
बऱ्याच वेळानं लाटांकडं कान देऊन म्हणाले,
"हे इंजिन रात्रीचं पण बंद करत न्हाईत काय गं?"
मी हसले, आणि राग कुठं ठेवला होता ते विसरले.

परतताना कळ्याच्या पुढं अंधार पडला.
गादीत वाळू, वाटाण्यात वाळू, चटणीच्या बरणीत वाळू.
गार्गी झोपलेली, मुठीत एक शिंपला, फुटका.
फुलेवाडी ओलांडली, डावी-उजवीकडं ओळखीची दुकानं,
आणि पाण्यावरचे दिवे पडद्यातून आत आले.
झोपलाय असं वाटत होतं तो यशोधन उठून बसला,
नाक काचेला लावलं.
"आला," म्हणाला, "राजवाडा असलेला."

ह्यांनी हॉर्न दिला.
रस्त्यात कुणीच नव्हतं.